मनश्शे

भेटलेल्या माणसाला त्याच्या नावाचा अर्थ सांगितल्याशिवाय पुढे जाऊ न देणारा गृहस्थ साऱ्या काशीत एकच होता, आणि तो आमच्या वडिलांचा स्नेही होता. दुर्गाघाटावर राहणारे, संस्कृतचे निवृत्त मास्तर; आम्ही त्यांना नुसतं काका म्हणायचो. ते आधी भाजीवाल्याच्या नावाचा धातू शोधत, मग दोडका निवडत. आमचे अच्युतमामा घाटाच्या पायऱ्यांवरून घसरून पाय मोडून बसले, तेव्हा चौघं त्यांना उचलत असताना काका शेजारी उभे राहून शांतपणे सांगत होते, "अच्युत म्हणजे न ढळणारा. तुम्ही जरा जपून चालायला हवं होतं."

काकू लवकर गेल्या. एकुलती एक सुधा ठाण्याला बँकेत लागली आणि तिनं तिथल्याच एका ज्यू सहकाऱ्याशी लग्न केलं. जावई घरी मराठीच बोलणारा, पण काकांनी 'या घरात येऊ नकोस' एवढंच लिहून पाठवलं. पुढे तीन वर्षं त्यांच्या तोंडून तिचं नाव निघालं नाही. मग नव्वदनंतर कधीतरी पोस्टकार्ड आलं. मुलगा झाला, नाव मनश्शे. खाली शेजाऱ्यांचा फोन नंबर.

काका कार्ड घेऊन आमच्याकडे आले ते धापा टाकतच. "मनः अधिक शे. विसर्गाचा श झाला. शी म्हणजे निजणे. मनात निजलेला. पोरगी व्याकरण विसरलेली नाही." दोन दिवसांत साऱ्या मोहल्ल्याला ही फोड पाठ झाली.

गल्लीत तबला शिकायला आलेला एक इस्रायली तरुण राहत होता. काकांनी त्यालाही अडवून ती ऐकवली. तो खूश झाला. "ये तो हमारा नाम है. मतलब, भुला देने वाला."

"सबसे पहले किसने रखा?" काकांनी विचारलं.

त्यानं मोडक्या हिंदीत सांगितलं: घरच्यांनीच विकून टाकलेला एक माणूस परमुलखात मोठा झाला. पहिला मुलगा झाल्यावर म्हणाला, देवानं मला माझं दुःख विसरायला लावलं, आणि बापाचं घरही.

काका "अच्छा" म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मला घेऊन ते एसटीडी बूथवर गेले. मी नंबर लावून दिला. "सुधा, अर्थ ठाऊक होता का तुला?" एवढंच त्यांनी विचारलं, मग नुसतं ऐकत राहिले. बाहेर आल्यावर म्हणाले, "जावयाच्या आजोबांचं नाव. त्यानं सुचवलं, तर ही मानेना. अर्थ कळल्यावर मात्र लगेच हो म्हणाली."

महिन्याभरानं ते ठाण्याला जाऊन आले. "सुधानं चहा केला. राहा म्हणाली नाही. मी तिची माफी मागायला गेलो होतो, ते राहूनच गेलं. पोराला मांडीवर दिलं थोडा वेळ. बोट घट्ट धरतो."

नंतर ते सात-आठ वर्षं जगले. ठाण्याचं बोलावणं आलं नाही. ठाण्यात थंडी ती कितीशी, पण दर हिवाळ्यात ते एक लोकरीची टोपी पोस्टानं पाठवत, माप दरवर्षी अंदाजानं वाढवून. उत्तर आलं का, असं कुणी विचारलं की म्हणत, "पार्सल परत आलेलं नाही."