दगडाचा उसासा

दगड फोडण्याआधी आत्या त्यावर हातोडीने एकदा टकटक करायची आणि कान द्यायची. खणखणीत वाजला तर म्हणायची, "जिता हाय." बद्द वाजला तर "मेला" म्हणून बाजूला ढकलायची. गडबजवळच्या खाणीवर तिचं आयुष्य गेलं. तिचा अंदाज चुकलेला मला तरी आठवत नाही.

कॉलेजला जाणारी घरातली मी पहिलीच. कासूहून गाडी धरून रोह्याला जायचे. संध्याकाळी आत्या विचारायची, "आज काय शिकलीस गो?" सांगितल्याशिवाय भाकरी वाढायची नाही.

एकदा मी मंगळाचं सांगितलं. पृथ्वी आतून अजून तापलेली आहे, म्हणून ज्वालामुखी आहेत. वितळलेल्या दगडातून वायू आणि वाफ निघाली, त्यातून हवा-पाणी झालं. मंगळ लहान, तो आतून लवकर निवला. त्याची हवा उडून गेली, ती पुन्हा भरून आली नाही.

आत्या उठली आणि घरामागच्या परड्यातून भोकाभोकांचा काळा दगड घेऊन आली. "म्हंजे ही भोकं त्याचीच. पातळ व्हता तवा यानं उसासा टाकला, तोच आपन नाकात घेतो. तुझ्या मंगळाचा उसासा सपला. मेला दगड त्यो."

कॉलेजच्या सेमिनार स्पर्धेत तोच दगड हातात धरून मी हेच बोलले. टाळ्या पडल्या. परीक्षकांनी विचारलं, "उसासा! हे कोणी सुचवलं तुला?"

शेवटच्या रांगेत आत्या बसली होती, कामावर खाडा करून, ठेवणीतली साडी नेसून. टाचांच्या भेगांत खाणीची धूळ तशीच होती. मुली वळून वळून तिच्याकडे बघत होत्या. मी म्हणाले, "इंटरनेटवर वाचलं, सर."

पहिलं बक्षीस मला मिळालं.

परतताना कासूला उतरल्यावर आत्या म्हणाली, "ही तुझी इंटरनेटबाई कंच्या खाणीवर कामाला हाय गो?"

त्यानंतर तिने मला काही विचारलं नाही. भाकरी मात्र लगेच वाढायची.

परवा धीर करून मी तिची माफी मागितली, दगड तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "आत्या, मी सरांना खरं सांगते."

"आता कशाला? बक्षीस लागलं ना भिंतीला."

तिने दगड उचलला. मला वाटलं, वाजवून बघेल. तिने पायांवर पाणी घेतलं आणि ती त्या दगडाने टाचा घासू लागली.