माझे निर्जळी उपास

कॉलेजच्या पहिल्या वर्षी मी फार मोठा भक्त झालो. याचं श्रेय एसटीला आहे. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मी जळगावात मेहरूणला एका खोलीत राहायचो आणि माझा डबा एरंडोलकडच्या आमच्या गावाहून सकाळच्या गाडीने यायचा. आई तो कंडक्टरच्या हवाली करायची, मी स्टँडवर जाऊन घ्यायचो. आई-वडील दोघंही मजुरीला जायचे. घरात पीठ असलं तर डबा निघायचा, नसलं की कंडक्टर खिडकीतूनच नकाराचा पंजा हलवायचा. आठवड्यातून दोनदा तरी तो पंजा ठरलेला.

खोलीची मालकीण अक्का. तिचं स्वयंपाकघर आणि माझी खोली यांच्यात एकच भिंत. पहिल्यांदा मला रिकाम्या हाताने परतताना पाहून तिने विचारलं, "आज डबा नही का, भाऊ?"

"आज उपास आहे," मी म्हणालो. योगायोगाने गुरुवार होता. दत्त पावला. अर्ध्या तासात अक्का भगर आणि दाण्याची आमटी घेऊन आली.

खोटं बोलल्याची लाज मला वाटली, पण ताट चाटूनपुसून झाल्यावर. मग पंजा सोमवारी हलला तर महादेव, मंगळवारी देवी, शनिवारी मारुती. एका बुधवारी पंचाईत झाली, तेव्हा पद्मालयाच्या गणपतीला नवस बोललोय असं ठोकून दिलं. अक्काने माझी कीर्ती गल्लीभर केली. चतुर्थीला चंद्र कधी उगवणार हे बायका मला विचारायला यायच्या आणि मी पंचांग कोळून प्यायल्यासारखा चेहरा करून काहीतरी सांगायचो.

पण अति शहाणा त्याचा बैल रिकामा. एकदा अक्काच्या पाहुणीने माझं भरलेलं ताट पाहून टोमणा मारला, "हाऊ उपास शे का जेवण?" झालं, माझी भक्ती दुखावली. तावातावाने म्हणालो, "अक्का, यापुढे मी निर्जळीच करणार!" अक्काने भक्तिभावाने मला हात जोडले आणि भगर बंद केली. आता पाणीसुद्धा कॉलेजच्या नळावर जाऊन चोरून प्यावं लागायचं. पायावर धोंडा पाडून घ्यायचाच, तर माणसाने निदान लहान तरी निवडावा.

भुकेने चक्कर येते हे ठाऊक होतं, राग येतो हे तेव्हा कळलं. मला शिकवणाऱ्यांचा, शेजारी बसून खाकरणाऱ्या मुलाचा, सगळ्यांचाच राग यायचा. तरी खरं सांगवत नव्हतं. घरी पीठ नाही, हे वाक्य उच्चारलं की आई-बापाची अब्रू गेली, असं माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं.

श्रावणातल्या एका रविवारी घरोघर कानबाई देवी बसली. आमच्या खानदेशात तिच्या नैवेद्याचे जाड रोट घरातल्या पुरुषमाणसांच्या संख्येवर होतात. माणशी सव्वा मूठ गहू मोजून दळायचे आणि ते रोट घरच्यांनीच खायचे. बाहेरच्याला घास द्यायचा नाही आणि देवीची बोळवण होण्याआधी काही उरूही द्यायचं नाही. भाडेकरू म्हणजे बाहेरचाच. शिवाय त्या रविवारीही डबा आला नव्हता, म्हणून मी सकाळीच सूर्यनारायणाचा उपास जाहीर करून बसलो होतो. पलीकडून पुरणाचा आणि खिरीचा वास येऊ लागला तेव्हा उशीत तोंड खुपसलं.

दुपारी अक्का दारात आली. चेहरा रडवेला.

"भाऊ, मनाकडथीन चूक व्हयनी. दळण मोजताना मी तुनी बी मूठ टाकी दिधी. या घरमा राहस, मंग घरनाच ना तू? तुना उपास ध्यानमाच राहिना नही."

मी उशी बाजूला सारून उठून बसलो.

"आज तुना उपास, उद्या सोमवार. उद्या सकाळे कानबाई जाई. तुना रोट उरी जातीन रे. आते कसं करू?"

देवी कोपेल म्हणून ती बाई खरोखर घाबरली होती, आणि त्या कोपाचं मूळ म्हणजे माझी थाप. एखादा देव अजून सुचतो का, हे मी तेवढ्यातही पाहिलं. सुचला नाही.

"अक्का, मला उपास नाही. कधीच नव्हता. घरी पीठ नसलं की डबा येत नाही."

अक्का मग भडकली. "मी तुले हात जोडात रे! भिंतना अल्याड मी पोटभर जेवू, अन् पल्याड तू भुक्या!" डोळे पुसत पुसतच तिने मला दंडाला धरून स्वयंपाकघरात नेलं आणि पाटावर बसवलं.

मी रडत रडत जेवलो असं लिहिलं तर बरं दिसेल. खरं म्हणजे मी खीर दोनदा मागून घेतली. अक्का समोर बसून वाढत होती. तिचा राग काही उतरला नव्हता.

"उद्या काय खाशी?" तिने विचारलं.

दोन महिने मी तिच्याशी पुस्तकी मराठीत अहो-जाहो करत आलो होतो. तोंडातला घास गिळला आणि घरच्या बोलीत म्हणालो, "तू दिशी ते, अक्का."