मेलेल्यांचे नोकर

बाबांचा व्हिसा संपत आला होता, तेव्हा मी त्यांना स्टुटगार्टला इजिप्तचं प्रदर्शन दाखवायला नेलं. आई गेल्यावर ते औरंगाबादेत एकटेच पडले, म्हणून त्यांना इकडे माझ्या घरी, बॉबलिंगेनला आणलं होतं. पण आउसलेंडरबेहोर्डेतल्या, म्हणजे परदेशी लोकांचे व्हिसा बघणाऱ्या कचेरीतल्या, बाईंनी मला तोंडावर सांगितलं, परदेशी आईवडिलांना इथे कायमचं ठेवता येत नाही. घरात हे बोलायला माझी जीभ रेटेना. बाहेर कुठेतरी सांगू, म्हणून हे प्रदर्शन. म्हणजे पळवाटच.

लेकीच्या शाळेत सध्या इजिप्तच चालू होतं, त्यामुळे बाईसाहेब पुढे. "आजोबा, गुक माल!" बघा ना, म्हणून ती एका काचेपाशी ओरडली. आत वीतभर उंचीच्या निळ्या बाहुल्या ओळीने उभ्या होत्या, हातात कुदळी घेऊन. ती जर्मनमध्ये घडाघडा बोलत होती आणि मी बाबांना मराठीत सांगत होते. हे मेलेल्याचे नोकर. परलोकात शेतावर राबायची पाळी आली, तर धन्याऐवजी यांनी जायचं. हाक आली की "मी आहे" म्हणायचं. शिवाय भाकरी, बिअर, चपला, सगळं सोबत पुरायचं.

आम्ही बौद्ध. बाबा आत्माच मानत नाहीत, तर त्याला चपला कुठल्या? आता काहीतरी खवचट बोलणार, असं मला वाटलं. पण ते काचेला नाक लावून बघत राहिले.

"मेल्यावर एवढी काळजी," ते म्हणाले. "माझी तर तू जिवंतपणीच घेतलीस. मी आता निर्धास्त आहे बघ. येताना गॅसचं कनेक्शन परत करून आलो. तुझ्या आईची भांडी विहाराला दिली, खोलीही सोडली. तुला म्हटलं नाही, उगाच ओरडली असतीस."

मला त्या बाहुल्यांचा भयंकर राग आला. कुणाच्या तरी मढ्यासाठी एवढी फौज, आणि माझ्या बापाला तिकडे पाणी द्यायला एक माणूस नाही.

"बाबा, परतीचं तिकीट रद्द होणार नाही," मी म्हणाले. "शनिवारी निघायचंय. इथे राहू देत नाहीत. मी खूप विचारलं."

लेक पुढच्या दालनात पळाली होती. बाबांनी चष्मा काढून पुसला, पुन्हा लावला. रागावले असते तर बरं झालं असतं.

"अगं," त्यांनी हळूच विचारलं, "गॅस परत लगेच मिळतो का गं?"

"मिळतो," मी म्हणाले. मला काहीच माहीत नव्हतं.