एक्केचाळीस नंबरचं भवितव्य

चहा घ्या आणि माझी फजिती ऐका. बायकोलासुद्धा मी ही अर्धीच सांगितली आहे!

पंचाहत्तरच्या आसपासची गोष्ट. तीर्थपुरीत मी नववीचा मास्तर. औरंगाबादेत आठ दिवसांचं शिबिर काय केलं, मला वाटलं आपण आता पोरांचं भविष्यच सांगणार! शिबिरात प्रश्नांचे छापील कागद दिले होते. पन्नास प्रश्न, पुढे नुसती खूण करायची. ‘पुढे काय व्हायचं ते ठरलं आहे का?’ ‘निर्णय स्वतः घेता का?’ खुणा मोजल्या, की पोरगं आयुष्यात किती पुढे जाणार ते आकड्यात हजर. ताप मोजावा तसं!

ते कागद मी वर्गात पोरांकडून भरून घेतले. नाव लिहायचं नाही, फक्त हजेरीतला नंबर. वर्गात एक्केचाळीस जण. कागद मोजले, तेही एक्केचाळीस. एकावर मात्र नंबरच नव्हता. बाकीचे लावून पाहिले, तर एक्केचाळीसच उरला. आमच्या हजेरीत मुलींची नावं शेवटी, म्हणजे ही शकुंतला. मी स्वतःच्या हातानं त्यावर ४१ लिहिलं. केवढा हुशार!

गुण? पन्नासात नऊ. ध्येय नाही, हिंमत नाही, वडील म्हणतील ती पूर्व दिशा.

आता गप्प बसावं की नाही? छे! तिचे वडील किसनराव कापसाच्या जिनिंगात हमाली करायचे. त्यांना बोलावलं.

“गुरुजी, मह्या पोरीला मास्तरीण करायचंय.”

“किसनराव, काहीही करा, पण मास्तरीण करू नका! वर्गाचं वाटोळं होईल.”

“बिलकुल न्हाई जमायचं?”

“शास्त्र सांगतंय.”

त्यांचा चेहरा पडला. “मंग शाळेचा खर्चा कशाला? तिच्या मामाचा पोरगा मागणी घालून राह्यला. जल्दी उरकून टाकतो.”

‘थांबा’ म्हणावंसं वाटलं. पण शास्त्र ते शास्त्र!

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघं दारात. पोरीचे डोळे रडून सुजलेले.

“सर, मी काय चुकले ते दाखवा.”

दाखवला कागद.

“हा माझा न्हाईच! त्या दिवशी मी कापूस वेचायला गेल्ते.”

हजेरी उघडली. गैरहजर!

मग हा कागद कुणाचा? विचार करता करता एकदम आठवलं. शिबिरात साहेबांनी आधी आम्हा मास्तरांनाच एकेक कागद भरायला लावला होता. मी अगदी खरं खरं भरला होता. आणि तो तसाच गठ्ठ्यात राहिला होता!

“किसनराव, चूक माझी. कागद दुसऱ्याचाच आहे. पोरीला शाळेतून काढू नका, तुमच्या पाया पडतो.” इतकी लाज मला जन्मात वाटली नव्हती.

त्यांचा जीव भांड्यात पडला. पण माणूस भला. आता त्यांना त्या दुसऱ्याचीच काळजी!

“मंग ज्याचा आसंल त्याला तरी बराबर सांगा ना गुरुजी, मास्तरकीच्या नादी लागू नको म्हणून. आजून येळ गेली न्हाई.”

“गेली,” मी म्हणालो. “जूनमध्येच नोकरीत कायम झाला तो.”