खोबरेवाले चाचा

आमच्या गावच्या नालबंद चाचांनी माझा चेहरा आयुष्यात कधी नीट पाहिला असेल, असं मला वाटत नाही. बैलांना नाल ठोकता ठोकता त्यांना सगळं जग घोट्यापर्यंतच दिसू लागलं होतं. मी चप्पल बदलली की बाजारात ते मला ओळखत नसत. माझ्या लग्नात आशीर्वाद द्यायला आले आणि नवरीकडे न पाहता माझ्या नव्या जोड्यांकडे बघून म्हणाले, "चावून राह्यले ना गुरुजी?" चावत होतेच.

अशा माणसाच्या तावडीत शंकरपट समितीचा सचिव सापडला होता, आणि तो सचिव म्हणजे मी. नव्वदच्या दशकातली गोष्ट. धान घरात आलं की आमच्याकडे बैलजोड्यांच्या शर्यतीचा पट भरायचा. मंडप, भोंगे, पाहुण्यांचे फेटे यांवर समितीच्या बैठका रंगत. बैल जिथे पळायचे ती पट्टी मात्र वर्षभर बेवारस. आलापल्लीहून सागवान घेऊन येणारे ट्रक तिथेच वळत आणि हातभर चाकोऱ्या पाडत. उरलेल्या जागेत गोवऱ्या वाळत. आदल्या दिवशी आम्ही वर धानाचं वाळलेलं तणस पसरायचो, म्हणजे लांबून सगळं छान पिवळं दिसायचं. चाचा दिवाळीपासूनच माझ्या मागे लागत. ऐन पाढे चालू असताना वर्गात शिरत आणि पट्टीवरचे खडे, खिळे माझ्या टेबलावर ओतत. समिती बघेल, असं मी म्हटलं की म्हणत, "समितीचे खूर दाखवा मले." एकदा त्यांना चुकवून मी मागच्या दाराने एका पालकाच्या घरी दडलो, पंधरा मिनिटांत चाचा धुळीतले माझ्या चपलांचे ठसे बघत तिथे हजर. मी पार वैतागून गेलो होतो.

त्यात ते नारळांचं प्रकरण. जोडी सोडण्याआधी मालकाने बैलांपुढे नारळ फोडायचा, असा आमच्याकडे रिवाज. नारळ फुटला रे फुटला की चाचा पिशवी घेऊन वाकत आणि करवंटीचा तुकडा न् तुकडा वेचत. लोक म्हणत, चाचा खोबऱ्यासाठी येतात. 'खोबरेवाले चाचा' हे नाव भोंग्यावरून पहिल्यांदा मीच पुकारलं. अख्खा पट हसला. चाचांनी वर पाहिलं नाही, वेचत राहिले.

पुढच्या वर्षी चाचा तापाने अंथरुणावर होते. खरं सांगायचं तर मला सुटल्यासारखं वाटलं. दुपारी तिसरी जोडी सुटली आणि चार पावलांवर एक बैल खाली बसला. तणसाखाली करवंटीचं धारदार टोक होतं, ते त्याच्या खुराच्या फटीत घुसलं होतं. मालक बैलाचं तोंड मांडीवर घेऊन बसून राहिला. मी हातातला भोंगा खाली ठेवला.

तसाच चाचांकडे गेलो. आता हा माणूस माझी सालटी काढणार, अशी तयारी ठेवली होती. सगळं ऐकून त्यांनी एवढंच विचारलं, "पुढचा पाय का मागचा?" पुढचा, म्हणालो. ते थरथरत उठले, अवजारांची पेटी घेतली आणि चादर लपेटून माझ्या सायकलवर मागे बसले. अर्ध्या वाटेत हळूच म्हणाले, "नाल कडेले राह्यते गुरुजी. मधात बैल अनवाणीच असते. किती डाव सांगू तुमाले?" मला मान वळवून त्यांच्याकडे बघवलं नाही.

बैल वाचला, पण पुन्हा पटात पळाला नाही. चाचाही त्यानंतर दोनच पट पाहू शकले. आता समितीत नवी मंडळी आहेत; मी बैठकीत पट्टीचा विषय काढला की ती घड्याळं बघतात, आणि ट्रक अजून तिथेच वळतात. नारळ फुटला की पिशवी घेऊन मी वाकतो. मागच्या पटात भोंग्यावरून कुणीतरी 'खोबरेवाले गुरुजी' म्हणून पुकारलं. लोक हसले. चाचांची फार आठवण आली. मी वर पाहिलं नाही. अजून दोन तुकडे राहिले होते.