खंडेनवमीची सायकल

दसरा जवळ आला की बाकीच्यांना नवे कपडे सुचत, मला पाना सुचायचा. पाऊस सरला की आमच्या क्लबच्या सायकल शर्यती सुरू होत. क्लब कसला, मल्लेश्वरमातली कॉलेजात नावापुरती जाणारी आम्ही दहाबारा टाळकी. साठ सालानंतरची ती वर्षं. बनशंकरीच्या देवळापलीकडे तेव्हा नुसतं माळरान होतं. तिथल्या खडकाळ टेकडीवर सायकलनं चढायचं आणि पलीकडून उतरायचं, ही शर्यत. डोंगरासाठी निराळी सायकल असते हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? घरातली काळी, बैलासारखी सायकल घ्यायची आणि तिचं कॅरियर, मडगार्ड, स्टँड, घंटी सगळं उतरवून ठेवायचं, ही आमची तयारी.

घरात सायकल एकच, आणि ती माझ्या वडिलांची, अण्णांची. त्या वर्षी मी मडगार्ड जरा लवकरच काढली. पाऊस काही संपला नव्हता. अण्णा कचेरीत पोचले ते पांढऱ्या कोटाच्या पाठीवर मानेपर्यंत चिखलाची सरळ रेघ घेऊन. दिवसभर कुणी सांगितलं नाही. साहेबानंही पाहिली म्हणे. मला हसू आवरेना आणि हसायची तर सोय नव्हती.

संध्याकाळी अण्णांनी निकाल दिला. "या खेपेला पहिल्या तिघांत आलास तर सायकल शर्यतीला तुझी, मी बसनं जाईन. नाही आलास तर सगळं परत बसवायचं, आणि पुन्हा पान्याला हात लावायचा नाही. सरी?"

"सरी," म्हणालो, म्हणजे कन्नडमध्ये कबूल. दुसरं काय म्हणणार? गेल्या वर्षी मी शेवटून दुसरा होतो, आणि शेवटचा जो होता त्याची चेन तुटली होती.

मग मात्र मी चंगच बांधला. रोज पहाटे जिन्यावरून सायकल खांद्यावर घेऊन वरखाली करायचो. शेजारच्या अक्का आईला विचारायच्या, पोराला बरं नाही का. मी बेअरिंग धुतली, चेन रॉकेलमध्ये बुडवली, ब्रेक असे आवळले की बोट लावलं की चाक जागच्या जागी थांबावं. उतारावर माझा सगळा भरवसा ब्रेकवर होता. खोटं कशाला सांगू, उताराची मला भीती वाटायची.

शर्यत नेमकी दसऱ्याच्या सकाळी. आदल्या दिवशी खंडेनवमी, म्हणजे घरातली हत्यारं, अवजारं, वाहनं पूजेला. आईनं सायकल देवघरासमोर घेतली आणि मला बजावलं, "पूजेतल्या वस्तूला उद्यापर्यंत हात लावायचा नाही." मी लावला नाही. दसऱ्याला सकाळी तिनं फुलं उतरवली, चाकाखालची लिंबं काढली, आणि मी सायकल उचलून थेट क्लबनं आणलेल्या लॉरीत घातली. टेकडीपर्यंत सगळ्यांच्या सायकली लॉरीतूनच गेल्या.

चढावर मी दुसरा होतो. वर पोचलो तेव्हा छाती भात्यासारखी चालली होती, पण आनंद असा की विचारू नका. उताराला लागलो आणि ब्रेक दाबले. काहीच झालं नाही. आणखी दाबले. चाकं उलट खुशीत पळायला लागली. पुढच्याला मी कधी ओलांडलं ते त्यालाही कळलं नाही. "अरे, हा ब्रेकच लावत नाही," असं कुणीतरी कौतुकानं म्हणत होतं. मी रामरक्षा म्हणत होतो.

नियम असा, की खाली सायकलवरून उतरून पंचाच्या टेबलाला हात लावायचा. मी टेबलासमोरून सगळ्यात आधी गेलो आणि तसाच पुढं रागीच्या शेतात घुसलो. शेतकऱ्यानं कन्नडमध्ये माझ्या सात पिढ्या काढल्या. त्याच्या तावडीतून सुटून सायकल ओढत टेबलापाशी येईस्तोवर तिघांचे हात लावून झाले होते.

घरी अण्णा दारातच उभे होते. "चौथा," मी म्हणालो. अण्णा सायकलपाशी वाकले. त्यांनी रिमवरून बोट फिरवलं, हुंगलं आणि माझ्याकडे पाहिलं. खोबरेल तेल. तेच रोज सकाळी त्यांच्या डोक्याला असायचं.

तेवढ्यात आई आरतीचं ताट घेऊन आली. "चाकं कशी लखलखत होती, पाहिलीस ना? पूजेच्या आधी तेल लावून पुसण्यात तास घालवला मी त्यांच्यावर. म्हटलं पोराची सायकल चारचौघांत उठून दिसावी."

मी तोंड उघडलं. अण्णांनी माझा दंड घट्ट धरला, आणि मी ते मिटलं.

"तिसरा आला," अण्णा आईला म्हणाले. "उद्यापासून मी बसनं जाणार. आणि हे बघ, शर्यतीच्या सायकलला घरच्यांनी हात लावायचा नसतो. क्लबचा नियम आहे."

क्लबला असा नियम नव्हता. तारखेच्या आधी वाढदिवसाचा पेढासुद्धा न खाणारे, इतके काटेकोर माझे वडील धडधडीत दोनदा खोटं बोलले होते. आईनं खुशीत त्यांनाही ओवाळलं, आणि त्यांनी मान खाली घालून ओवाळून घेतलं.