दादाच्या ताटातला समुद्र

वैनींचा फोन आला तेव्हा साताऱ्यात मी दादाशीच भांडायची तयारी करत होते. रविवारी कुंडलला त्याच्या घरी जायचं आणि विचारायचं, बाबा रे, तुझा आराखडा झाला तरी तो मोडणाऱ्याला जाब कोण विचारणार? "वन्सं, तुमचा दादा गेला…" वैनी एवढंच बोलल्या. महिना झाला, अजून मला त्याचा राग येतो. असं भांडण अर्ध्यात टाकून जातं का कुणी?

भांडण समुद्रावरून. हसू नका! कृष्णाकाठचा हा माणूस सारी नोकरी किनाऱ्यावर, सरकारी नियोजनात होता. मासेमारी एका खात्याकडे, बंदरं दुसऱ्याकडे, समुद्रातल्या पवनचक्क्या तिसऱ्याकडे, आणि प्रत्येकाला वाटतं दर्या आपलाच. सगळ्यांनी एकत्र बसून एकच आराखडा करावा, हा त्याचा हट्ट. निवृत्तीनंतरही बैठकांना जायचा. जेवताना माझ्यापुढे ताट सरकवायचा. "हे बघ. मीठ वर, चटणी डावीकडं, भाजी उजवीकडं. जागा ठरल्यात म्हणून कोण कुणात शिरत न्हाई. दर्याचंबी तसंच करायचं."

मी काय गप्प बसते? एकदा म्हटलं, "व्हय, पण वाढणार कोण? सगळी खाती पंगतीला बसली की होडीवाल्याला उरलंसुरलं. वैनीकडं बघ जरा. तुझं ताट झ्याक सजलंय, ती कवा जेवणार?"

वैनी पळी घेऊन उभ्या होत्या. आमच्याकडे बायका शेवटी जेवतात, जन्मभर पाहिलेलं… दादानं हातातला घास खाली ठेवला. मग उठला, पळी घेतली आणि आधी वैनींचं ताट वाढलं. मीठ वाढलं उजवीकडे, शहाण्यानं! तेव्हापासून रोज तोच त्यांना आधी वाढायचा, आणि मीठ रोज चुकीच्याच बाजूला.

पुढच्या बैठकीत तो अडून बसला. आधी कोळ्यांना बोलवा, त्यांच्या जागा आखा, मग बंदरं आणि पवनचक्क्या. लय बोलणी खाल्ली म्हणे. आराखडा अजून लटकलेलाच आहे. सरकारच्या हातात पळी द्यायला मी आजही तयार नाही. पण एकत्र बसल्याशिवाय भागणार नाही, हे दादाचं खरं होतं. त्याच्या तोंडावर कधी कबूल केलं नसतं, ते सोडा.

तेराव्याला घर माणसांनी भरलं. भावकीतल्या काकू म्हणाल्या, "पुरुषांची पंगत बसवा आधी." वैनी सवयीनं पळी घेऊन उभ्या राहिल्या. मग पळी माझ्या हातात दिली आणि सगळ्यांच्या आधी, एकट्याच, पानावर जाऊन बसल्या.

"वाढा वन्सं," वैनी म्हणाल्या. "मीठ उजवीकडं."